गोष्ट कोणाच्या नजरेतून?

कादंबरी वर्णभेदाविषयी दोन ठिकाणी बोलत असते. एक ठिकाण म्हणजे कथानक. अन्याय कोणावर झाला, कोणी केला, शेवटी काय झाले, हे तिथे कळते. दुसरे ठिकाण सहसा लक्षात येत नाही. निवेदन कोण करते, कोणत्या पात्राचे मन वाचकापुढे उलगडते आणि कोणते पात्र केवळ बाहेरून दिसते, यातूनही लेखकाची आणि त्याच्या समाजाची भूमिका उमटते. कथानकात वर्णभेदाचा निषेध करणारी कादंबरी निवेदनात नकळत तोच भेद पाळत असू शकते. अमेरिकन कथासाहित्यात सुमारे पावणेदोनशे वर्षे हा प्रश्न धगधगत राहिला आहे.

या प्रश्नाला तीन पदर आहेत. उघड वर्णद्वेष हा पहिला. दुसरा सुप्त पूर्वग्रहाचा. ज्याला आपण भेदभाव करतो असे मुळीच वाटत नाही, त्याच्याही मनात काही समजुती घर करून बसलेल्या असतात आणि नजरेतून, बोलण्यातून, निर्णयांतून त्या बाहेर पडतात. तिसरा पदर विशेषाधिकाराचा, म्हणजे केवळ जन्मामुळे पदरात पडलेल्या आणि म्हणूनच ज्याच्या त्याला न जाणवणाऱ्या सवलतींचा. या तिन्हींविषयी वाचनाच्या दोन भूमिका संभवतात. त्या पुढे रसिक आणि चिकित्सक यांच्या तोंडून मांडल्या आहेत. कादंबरीचे खरे बळ सहानुभूतीत आहे, असे रसिक मानतो. सहानुभूती कोण कोणाला आणि कोणत्या अटींवर देतो, हे आधी तपासले पाहिजे, असे चिकित्सकाचे म्हणणे आहे.

सहानुभूतीचे बळ

रसिक: सहानुभूतीने काय घडू शकते, याचा सर्वांत मोठा दाखला हॅरिएट बीचर स्टोव यांच्या 'अंकल टॉम्स केबिन'चा आहे. १८५० साली अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांविषयी कडक कायदा झाला. ज्या उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी नव्हती, तिथल्या नागरिकांवरही अशा गुलामांना पकडून देण्यास मदत करण्याची सक्ती आली. स्टोव यांची कथा १८५१ पासून 'नॅशनल इरा' या साप्ताहिकात क्रमशः छापून आली. मार्च १८५२ मध्ये तिचे पुस्तक झाले आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. विकले जाणारे लेकरू छातीशी धरून ओहायो नदीच्या तरंगत्या बर्फावरून पळणारी एलायझा वाचकांनी पाहिली. जो प्रश्न तोवर कायद्याचा आणि राजकारणाचा होता, तो घराघरांत एका आईचा प्रश्न झाला. हे काम भाषणांना आणि पत्रकांना इतके साधले नव्हते.

चिकित्सक: पुस्तकाचा प्रभाव वादातीत आहे. पण ही सहानुभूती मिळवण्यासाठी टॉम या नायक-गुलामाला काय व्हावे लागले, तेही पाहायला हवे. तो कमालीचा धर्मनिष्ठ आहे, क्षमाशील आहे, मरेपर्यंत मार खातो आणि तरी हात उगारत नाही. गोऱ्या वाचकाला त्याची भीती वाटण्याचे काही कारणच उरत नाही. उलट एलायझाचा स्वाभिमानी आणि बंडखोर नवरा जॉर्ज हॅरिस शेवटी बायकामुलांसह आफ्रिकेतल्या लायबेरियाला निघून जातो. कृष्णवर्णीयाची दया येणे आणि त्याला शेजारी म्हणून स्वीकारणे यांतले अंतर या शेवटामुळे उघडे पडते. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मधल्या निबंधात या कादंबरीच्या भावविवशतेवर कठोर टीका केली, तिचा रोख हाच होता. अश्रू ढाळणारा वाचक आपल्या चांगुलपणावर समाधानी होतो आणि समोरच्या माणसाचे गुंतागुंतीचे माणूसपण त्याच्या हातून निसटते.

रसिक: पुढे रंगभूमीने टॉमला लाचार आणि हास्यास्पद केले, चेहऱ्याला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी त्याची टिंगल केली, त्याचा दोष पुस्तकाच्या माथी मारता येणार नाही. प्रत्येक कादंबरी आपल्या काळातल्या वाचकाशी बोलते. गुलामाला मन असते, हेच ज्याला मान्य नव्हते, त्याच्यासाठी दया हीसुद्धा पहिली पायरी होती.

चिकित्सक: पहिली पायरी म्हणून तिचे मोल आहेच. अडचण अशी की पुढच्या शतकभरात अनेक नावाजलेली पुस्तके त्याच पायरीवर थांबली.

मेकॉम्बचा खटला

रसिक: हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'ला हा आक्षेप लागू पडत नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या या कादंबरीत वर्णद्वेष एखाद्या दुष्ट माणसापुरता राहत नाही. तो गावाच्या रोजच्या वागण्यात भिनलेला दिसतो. १९३० च्या दशकातले अलाबामा राज्यातले मेकॉम्ब हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मायेला यूअलवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. अ‍ॅटिकस फिंच हा वकील त्याचा खटला लढवतो. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झाला आहे, म्हणजे मायेलाला झालेली मारहाण त्याने करणे जवळपास अशक्य आहे. पुरावा इतका स्पष्ट असूनही ज्युरी त्याला दोषी ठरवतात.

खटल्यातला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. मायेलाची कामे तू फुकट का करून देत होतास, असे सरकारी वकील टॉमला विचारतो. तिची कीव येत होती, असे टॉम खरेखुरे सांगतो. त्या क्षणी न्यायालयातली हवा पालटते. वकील तेच शब्द पुन्हा उच्चारून दाखवतो आणि झालेली चूक टॉमलाही कळते. गोरी बाई कितीही दरिद्री, कितीही पिचलेली असो, कृष्णवर्णीयाने तिची कीव करायची नाही, हा त्या गावाचा अलिखित नियम आहे. कीव वरून खाली करायची असते आणि वर कोण, खाली कोण, हे जन्मानेच ठरलेले आहे. विशेषाधिकार म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल.

चिकित्सक: हा प्रसंग श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. तरीही तो कोणाच्या नजरेतून दिसतो? निवेदन स्काउट या अ‍ॅटिकसच्या मुलीचे, म्हणजे गोऱ्या मुलीचे आहे. खटला टॉमचा असला तरी कादंबरी घडते ती स्काउट आणि जेम या भावंडांच्या मोठे होण्याची. टॉम तुरुंगातून पळताना गोळ्या घालून मारला जातो. त्याची बायको हेलन बातमी कळताच जमिनीवर कोसळते, पण तेही स्काउटला तिचा मित्र डिल याच्याकडून ऐकून कळते. हेलनच्या घरात वाचकाचे पाऊल पडत नाही. निकालानंतर अ‍ॅटिकस बाहेर पडतो तेव्हा सज्जात बसलेले कृष्णवर्णीय लोक आदराने उठून उभे राहतात. ते आपसात काय बोलले, त्यांना संताप आला का, पुढे काय करायचे ठरवले, यातले काहीच पुस्तकात नाही. मरण टॉमला येते आणि शहाणपण मुलांच्या वाट्याला जाते.

रसिक: निवेदक लहान असणे ही कादंबरीची मर्यादा नसून तिचे तंत्र आहे. स्काउट घरकाम करणाऱ्या कॅल्पर्नियाबरोबर तिच्या चर्चमध्ये जाते. घरी शुद्ध इंग्रजी बोलणारी कॅल्पर्निया तिथे आपल्या लोकांत वेगळी बोली बोलते. स्काउट तिला कारण विचारते. आपल्या माणसांत गोऱ्यांसारखे बोलले तर तोरा मिरवल्यासारखे होईल, अशा आशयाचे उत्तर कॅल्पर्निया देते. या बाईला आपल्या घराबाहेर स्वतंत्र आयुष्य आहे, हे स्काउटच्या तेव्हा प्रथमच ध्यानात येते. हा सुप्त पूर्वग्रहच आहे आणि लेखिकेने तो निवेदिकेच्याच मनात दाखवला आहे.

चिकित्सक: दार उघडते हे खरे, पण उंबरठा ओलांडला जात नाही. त्या स्वतंत्र आयुष्याचा शोध कादंबरी पुढे घेत नाही. अ‍ॅटिकसविषयीही असेच झाले. १९६२ च्या चित्रपटात ग्रेगरी पेक यांनी त्याची भूमिका केली आणि तो न्यायप्रेमी गोऱ्या माणसाचा आदर्श ठरला. २०१५ साली ली यांचे 'मॉकिंगबर्ड'च्या आधीचे लेखन 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले. त्यात म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या नागरिकांच्या सभेला बसलेला आढळला, तेव्हा असंख्य वाचकांना धक्का बसला. न्यायालयात प्रामाणिक असलेला माणूस सत्तेच्या वाटणीचा प्रश्न येताच मागे सरतो, हे खऱ्या दक्षिणेत दुर्मीळ नव्हते.

हक आणि जेम्स

रसिक: निवेदक गोरा असूनही कादंबरी वर्णद्वेषाची चिरफाड करू शकते, हे मार्क ट्वेन यांच्या 'हकलबरी फिन'वरून दिसते. ती इंग्लंडमध्ये १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १८८५ मध्ये आली. पळून जाणाऱ्या जिम या गुलामाला मदत करणे म्हणजे त्याच्या मालकिणीची चोरी, असे हक या निवेदक मुलाच्या मनावर ठसवले गेले आहे. तो मालकिणीला जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो, नदीवरचा दोघांचा प्रवास आठवतो आणि नरकात जावे लागले तरी चालेल, असे ठरवून ते फाडून टाकतो. हकला आपण पाप करत आहोत असे वाटते. वाचकाला मात्र त्याचा समाजच पापी असल्याचे कळते. निवेदकापेक्षा वाचकाला जास्त दिसावे, अशी ही रचना आहे. सुप्त पूर्वग्रह इतक्या आतून दाखवणे उपदेशाला जमणारे नाही.

चिकित्सक: ते प्रकरण अमेरिकन साहित्याच्या शिखरांपैकी आहे. पण त्यानंतरचे काय? शेवटच्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमची सुटका हा पोरखेळ होतो. जिमला कोठडीत ठेवून त्याच्याभोवती साप, उंदीर, कोळी सोडले जातात, कारण साहसकथांत तसे असते. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केले आहे, हे टॉमला पहिल्यापासून ठाऊक असते. एका माणसाचे स्वातंत्र्य गोऱ्या मुलाच्या करमणुकीसाठी अडकून पडते आणि नदीवर धीरगंभीर वाटलेला जिम पुन्हा मुकाट सोसणारा होतो.

पर्सिव्हल एव्हरेट यांची 'जेम्स' ही २०२४ ची कादंबरी इथूनच सुरू होते. तिला त्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. तीत निवेदन खुद्द जिमचे आहे आणि तो स्वतःला जेम्स म्हणतो. गुलाम आपसात सुसंस्कृत इंग्रजी बोलतात, गोरा माणूस दिसताच अडाणी वाटावी अशी बोली तोंडात घेतात. जेम्स लहान मुलांना या बोलीचे रीतसर धडे देतो. गोऱ्याची चूक कधी दाखवायची नाही, धोक्याची सूचनासुद्धा अशी द्यायची की ती त्यालाच सुचली असे वाटावे. मुलांचा जीव वाचावा म्हणून दिलेले हे शिक्षण आहे. कॅल्पर्नियाच्या दोन भाषा स्काउटने बाहेरून ऐकल्या. तशाच दोन भाषांमागचे भय आणि बुद्धी जेम्स आतून सांगतो. पुढे त्याला लिहायचे असते, म्हणून एक गुलाम मालकाच्या पेन्सिलीचा तुकडा त्याला चोरून आणून देतो आणि त्यापायी जिवाला मुकतो. जेम्सने लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर त्या मरणाचा भार आहे. हकच्या नजरेत ही पेन्सिल येणेच शक्य नव्हते.

रसिक: म्हणजे 'जेम्स'ने 'हकलबरी फिन' रद्द केले असे नव्हे. ट्वेन यांनी जिमला माणूस म्हणून उभे केले नसते, तर एव्हरेट यांना पुढची वाट इतकी स्पष्ट दिसली नसती.

चिकित्सक: रद्द केलेले नाही, अपुरे होते ते पुरे केले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की दोन्हींचे मोल वाढते.

दुकानदाराची नजर, वाचकाची नजर

चिकित्सक: सुप्त पूर्वग्रह टोनी मॉरिसन यांच्याइतका बारकाईने फार थोड्यांनी टिपला. 'द ब्लूएस्ट आय' ही त्यांची १९७० ची पहिली कादंबरी. ओहायोतल्या लोरेन गावातल्या पिकोला या मुलीला निळे डोळे हवे आहेत. ते मिळाले की आपले सगळे हाल संपतील, अशी तिची समजूत आहे. ती तीन पेनी घेऊन दुकानात गोळ्या घ्यायला जाते. दुकानदार तिच्याकडे पाहतो आणि तरीही ती त्याला दिसत नाही. तो शिवी देत नाही, हाकलत नाही. पैसे घेताना तिच्या हाताला हात लागू नये म्हणून किंचित घुटमळतो, एवढेच. गोळीच्या कागदावर निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या मुलीचा हसरा चेहरा आहे. पिकोला गोळी खाते, तेव्हा तो चेहराच आपलासा करू पाहते. कायद्यात बसेल असा एकही गुन्हा इथे घडत नाही, पण मुलीच्या मनातली स्वतःची किंमत मात्र घसरते.

रसिक: मानसशास्त्रानेही हेच नोंदवले होते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा कित्येक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा संदर्भ आहे. प्रयोगाने निष्कर्ष दिला. त्या निष्कर्षामागचे एक मूल कादंबरीने दाखवले.

चिकित्सक: मॉरिसन यांनी पुढे खुद्द वाचकाचीच परीक्षा घेतली. 'रेसिटाटिफ' ही त्यांची १९८३ ची कथा. ट्वायला आणि रॉबर्टा या दोन मुली अनाथाश्रमात एका खोलीत राहतात, पुढे आयुष्यभर अधूनमधून भेटतात. एक गोरी आहे, दुसरी कृष्णवर्णीय. कोण कोणत्या वर्णाची, हे लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. वाचक मात्र शोधत राहतो. एकीच्या आईला नाचण्याचा नाद, दुसरीच्या आईच्या गळ्यात भलामोठा क्रूस, एकीने आणलेले जेवण, दुसरीची नोकरी, मग श्रीमंत नवरा. प्रत्येक तपशिलावरून वाचक अंदाज बांधतो आणि पुढचाच तपशील तो मोडून काढतो. वर्ण कळल्याशिवाय या मुलींवर माया करणे आपल्याला अवघड का जाते, हा प्रश्न मग वाचकापुढे उभा राहतो. पूर्वग्रह पुस्तकातल्या दुष्ट पात्राकडे सोपवून मोकळे होण्याची सोय ही कथा ठेवत नाही.

रसिक: या कथेत रसिक आणि चिकित्सक दोघांचेही समाधान होते. तिची रचना बौद्धिक आहे, तरी शेवटी मनात राहते ती आश्रमाच्या स्वयंपाकघरात राबणारी मुकी मॅगी. तिला मुलींनी छळले का, ती कोणत्या वर्णाची होती, यावर मोठेपणी दोघी भांडतात आणि आपल्याच स्मृतीवर त्यांचा विश्वास उरत नाही.

एकाच घरातली दोन आयुष्ये

चिकित्सक: विशेषाधिकार ज्याच्याकडे असतो त्याला तो दिसत नाही. तो दाखवायला ऑक्टेव्हिया बटलर यांनी 'किंड्रेड'मध्ये (१९७९) कालप्रवासाचा आधार घेतला. १९७६ च्या कॅलिफोर्नियातली डेना ही कृष्णवर्णीय लेखिका अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमधल्या मळ्यावर खेचली जाते. एका खेपेला तिचा गोरा नवरा केव्हिनही बरोबर जातो. केव्हिन सज्जन आहे, डेनावर त्याचे प्रेम आहे. पण मळ्यावर तो पाहुणा ठरतो आणि ती त्याची मालमत्ता. तो मालकाच्या पंगतीला बसतो, ती स्वयंपाकघरात राबते. हा काळ राहायला चांगला, पश्चिमेकडे नवा देश उभा राहताना पाहता येईल, असे केव्हिन सहज बोलून जातो. तिथल्या मूळ रहिवाशांचे काय झाले, ते डेनाला आठवते. मळ्यावर अपेक्षेपेक्षा कमी अत्याचार दिसतात, असेही त्याला वाटते. चाबकाचे फटके पाहायला त्याला कोणी बोलावत नाही, हे तिला ठाऊक असते. घर एकच आणि माणसेही एकमेकांची, तरी दोघांना दिसणारे जग निराळे आहे.

रसिक: बटलर यांनी केव्हिनला खलनायक केले नाही, हे महत्त्वाचे आहे. तो त्या काळात अडकून पाच वर्षे काढतो, गुलामांना पळून जायला मदत करतो आणि बदलून परततो. त्याच्याविषयी सहानुभूती वाटते म्हणूनच वाचक त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो.

कोणी लिहावे, काय वाचावे

रसिक: मग ज्याचे दुःख त्यानेच लिहावे, असा नियम करायचा का? तसे झाले तर कल्पनाशक्तीला काही कामच उरणार नाही. शिवाय हा नियम पीडितांच्याही गळ्याला फास होतो. एव्हरेट यांच्याच 'इरेजर' (२००१) या कादंबरीतला नायक कृष्णवर्णीय प्राध्यापक-लेखक आहे. त्याच्या गंभीर पुस्तकांना विचारणारा कोणी नाही. चिडून तो झोपडपट्टी, हिंसा आणि शिवराळ भाषेने भरलेली एक बनावट कादंबरी लिहितो आणि प्रकाशक ती अस्सल म्हणून डोक्यावर घेतात. कृष्णवर्णीयाने फक्त आपल्या जखमा दाखवाव्यात, ही अपेक्षाही पूर्वग्रहातूनच येते.

चिकित्सक: नियम नकोच. लेखकाच्या जन्मापेक्षा त्याने केलेले कष्ट मोजावेत. दुसऱ्याच्या आयुष्यात शिरताना त्याने त्या माणसाला बुद्धी, राग, विनोद आणि स्वार्थ दिला की नाही, हे पाहावे. पण लेखनाची संधी कोणाला मिळते, हा प्रश्न उरतोच. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके तपासली, तेव्हा ६.७ टक्के पुस्तकांतच एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आढळले. ज्या मुलांना पुस्तकात आपला चेहरा सापडला नाही, त्यांचे नुकसान झालेच. सगळीकडे आपलाच चेहरा पाहणाऱ्या मुलांचेही झाले, कारण जग आपल्यासाठीच आहे असे ती शिकली.

रसिक: त्यावर उपाय पुस्तके वाढवण्याचा आहे, काढून टाकण्याचा नाही. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावच्या शाळांनी 'मॉकिंगबर्ड' आठवीच्या अभ्यासातून काढले, कारण त्यातली भाषा काहींना अस्वस्थ करत होती. 'द ब्लूएस्ट आय'वरही शाळा आणि ग्रंथालयांतून वारंवार आक्षेप येतात. वर्णद्वेषाविषयीचे पुस्तक अस्वस्थ करणारच.

चिकित्सक: अस्वस्थता वर्गात सारखी वाटली जात नाही, याचे भान मात्र हवे. जी शिवी एका मुलासाठी इतिहासातला शब्द असते, ती शेजारच्या बाकावरच्या मुलाला कालच ऐकावी लागलेली असू शकते. पुस्तक ठेवावे, पण शिक्षकाने तयारीनिशी शिकवावे आणि जोडीला दुसऱ्या बाजूने लिहिलेले पुस्तक द्यावे. वाचनाने माणूस आपोआप सुधारतो, ही समजूतही तपासून घ्यावी. ललित साहित्य वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते, असा निष्कर्ष २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. नंतर इतरांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तो परिणाम अनेकदा पुन्हा दिसला नाही.

मराठीशी असलेला धागा

या चर्चेशी मराठीचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. कथांतही साम्य सापडते. नेला लार्सन यांच्या 'पासिंग' (१९२९) या कादंबरीत एक स्त्री वर्ण लपवून गोऱ्यांत राहते. बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती!' या कथेत रेल्वेत नोकरी मिळालेला तरुण जात लपवून भाड्याने राहतो आणि जात उघड होताच मार खातो. माणूस तोच असताना केवळ जन्म कळल्याने सभोवतालच्यांची नजर फिरते, हे दोन्हीकडे घडते. वर्ण आणि जात यांचे इतिहास वेगळे आहेत, पण अमेरिकन कादंबऱ्यांना विचारलेले प्रश्न मराठी वाचकाला आपल्या कथासाहित्यालाही विचारता येतात. कामवाली बाई, गडी, झाडूवाला ही पात्रे मराठी कथांत किती वेळा येतात आणि त्यांच्या मनात किती वेळा शिरले जाते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दोन्ही भूमिकांचा मेळ

रसिक आणि चिकित्सक यांच्यातला मतभेद पूर्णपणे मिटणारा नाही. कादंबरीने आधी हृदयाला हात घालावा, असे एकाला वाटत राहील. त्या हाताची दिशा तपासावी, असे दुसरा म्हणत राहील. तरी काही गोष्टी दोघांनाही मान्य आहेत. वर्णद्वेषाचा निषेध करणारे कथानक पुरेसे नसते. निवेदन कोणाकडे आहे, कोणाचे अंतरंग दिसते आणि कोणाच्या दुःखातून कोण शहाणा होतो, हे पाहिल्याशिवाय अशा कादंबरीचे वाचन पूर्ण होत नाही. जुनी पुस्तके टाकून देण्याने हे साधत नाही, तसेच त्यांची केवळ पूजा करण्यानेही साधत नाही. 'हकलबरी फिन'शेजारी 'जेम्स' आणि 'मॉकिंगबर्ड'शेजारी 'द ब्लूएस्ट आय' ठेवून वाचले म्हणजे सहानुभूती आणि चिकित्सा एकाच वाचनात नांदू शकतात. अशा वाचनात वाचकाला पात्रांची नजर तर कळतेच, आणि आपणही एका ठरावीक जागेवरून पाहत आहोत, हेही उमगते. सुप्त पूर्वग्रह आणि विशेषाधिकार यांविषयी कथासाहित्य देऊ शकते ते सर्वांत मोलाचे ज्ञान हेच आहे.